आधी आवाज, नंतर चित्र

सरकारी वाहिनीच्या पत्रात तारीख होती, वेळ नव्हती. भजनी मंडळाचा आधी चित्रित केलेला कार्यक्रम त्या दिवशी दाखवला जाईल, ऐनवेळी बदल होऊ शकतो, एवढाच मजकूर. माझ्या मोठ्या बहिणीच्या यजमानांनी, म्हणजे दाजींनी, मला पत्राचा फोटो पाठवला आणि लगेच फोन करून अर्थ विचारला. नाशिकच्या एका दैनिकात मी नोकरी केली. सुरुवातीची काही वर्षं टीव्हीवरच्या आजच्या कार्यक्रमांची चौकट माझ्याकडे असे. वाहिनीकडून येणाऱ्या कागदाच्या तळाशी हेच वाक्य असायचं. मी सांगितलं, अर्थ एवढाच की सकाळपासून बसावं लागेल.

"मग बसू," दाजी म्हणाले. "मेहुणीबाई, तुम्ही आदल्या दिवशीच या."

दाजी अंबडच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला होते. पत्रा दाबून भाग काढणाऱ्या यंत्रांजवळ त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त होईपर्यंत त्यांना कमी ऐकू येऊ लागलं होतं. माणसाचं बोलणं कळे, पण दाराची बेल, पाखरं, फोनची बारीक घंटी जवळजवळ नाही. घर कामगारांच्या कॉलनीत, कारखान्यापासून चालत वीस मिनिटं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, समोर अरुंद गल्ली आणि गल्लीपलीकडे तशीच घरं. कॉलनीच्या मंदिरात दर गुरुवारी संध्याकाळी बायकांचं भजन असे. ते मंडळ ताईने उभं केलं. अकरा बायका. ताई पुढे म्हणायची, बाकीच्या मागून धरायच्या.

कार्यक्रमाचं मुद्रण, म्हणजे रेकॉर्डिंग, श्रावणात झालं. दसऱ्याच्या सुमारास ताईच्या घशात गाठ सापडली. दिवाळीनंतर स्वरयंत्र काढलं. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं होतं की आवाज राहणार नाही. ताई आता मानेच्या पुढच्या बाजूला पाडलेल्या छिद्रातून श्वास घेते. त्यावर पांढरा जाळीदार रुमाल असतो. बोलण्यासाठी एक यंत्र मिळतं; ते मानेला टेकवायचं आणि ओठ हलवायचे. तिने ते एकदा लावून पाहिलं. त्यातून निघणारा आवाज सगळ्यांचा सारखाच असतो. यंत्र कपाटात आहे. ती पांढऱ्या पाटीवर मार्करने लिहिते.

ती घरी आल्यावर काही दिवसांनी दाजींनी तिचा आवाज शोधायला सुरुवात केली. स्वतःचा फोन, तिचा फोन, बंगळुरूला असलेल्या मुलीचा फोन, माझा फोन. लग्नांच्या आणि बारशांच्या चित्रफिती लावून पाहिल्या. त्यात बँड होता, निवेदक होता, ताई पंगतीत वाढताना दिसत होती. तिच्या फोनवर एकच बोललेला निरोप सापडला, नऊ सेकंदांचा. येताना दळण आणा, डब्याचं झाकण नीट लावा, असं ती म्हणते. मागे मिक्सर चालू आहे.

भजनाचं मुद्रण कुणाकडेच नव्हतं, कारण ते होऊ नये हा नियम ताईचाच. गुरुवारी मंदिरात शिरताना सगळ्यांचे फोन दाराजवळच्या खुंटीवर टांगलेल्या कापडी पिशवीत जात. एकदा एकीने अभंग चालू असताना फोन वर धरला. ताईने ओळ तिथेच थांबवली आणि देवापुढे म्हणतोय की फोनपुढे, असं विचारलं. त्यानंतर चौदा वर्षांत कुणी धरला नाही.

म्हणून उरलं होतं ते सरकारी वाहिनीचं मुद्रण. तीन अभंग, मुंबईच्या स्टुडिओत, चांगल्या माइकवर. दाजींनी वाहिनीला चार पत्रं लिहिली. त्यातल्या तीन पत्रांचा मसुदा मी करून दिला. मुद्रणाची प्रत बाहेर देत नाही, प्रसारणाच्या वेळी तुम्ही घरी उतरवून घेऊ शकता, असं उत्तर आलं. सगळेच कार्यक्रम इंटरनेटवर चढवले जात नाहीत, असंही त्यात होतं. त्यानंतर तारखेचं पत्र आलं. दाजींना कार्यक्रमाचं कौतुक नव्हतं. त्यांना ताईचा आवाज हवा होता, आणि तो त्या दिवशी कधीतरी, एकदाच, त्यांच्या घरातून जाणार होता.

आदल्या संध्याकाळी मी पोहोचले तेव्हा तयारी झालेली होती. ॲल्युमिनियमची पट्टी वाकवून दाजींनी फोन उभा धरायला घोडी केली होती. ती टीव्हीपासून एक वीत अंतरावर, स्टुलाला स्क्रूने पक्की. बातम्या लावून त्यांनी तीनदा चाचणी घेतली. मुद्रणात पंख्याची घरघर येत होती, तेव्हा कार्यक्रम लागला की पंखा बंद. कुकर लावायचा नाही. दाराला आतून कडी. दुसऱ्या बाजूला माझा फोन, पहिला फसला तर. मंडळाच्या दहाही बायकांना ते घरोघर जाऊन सांगून आले होते, की सगळ्यांनी मिळून बघायचं.

या सगळ्यात ताई काय करत होती, हे मी नंतर आठवून पाहिलं. ती स्वयंपाकघरात बसून हरभऱ्याची भाजी खुडत होती. मी विचारलं, बरं वाटतंय ना. तिने मार्करचं टोपण काढलं, परत लावलं, पुन्हा काढलं आणि लिहिलं, 'आत्ता जेवतेस का थांबतेस?'

सकाळी सहाला टीव्ही लागला. त्या दिवशी वाहिनीने दिवसभर सांस्कृतिक आणि कौटुंबिक कार्यक्रम ठेवले होते, तसं पडद्याच्या तळाशी सरकत होतं. सनई झाली. मग भक्तिसंगीत अशी पाटी आली. दाजींनी पंखा बंद केला, दोन्ही फोन सुरू केले आणि हात वर करून आम्हाला गप्प केलं. एक वयस्कर गायक आला. त्याचं संपेपर्यंत दाजींनी हात खाली घेतला नाही, कारण त्याच्यानंतर कोण येईल ते सांगता येत नव्हतं. त्याच्यानंतर योगासनं आली. पंखा पुन्हा सुरू झाला.

हे दिवसभर चाललं. निवेदिका दिसली की पंखा बंद. ती म्हणे की आता पाहू या, आणि आम्ही श्वास रोखून बसू; मग ती म्हणे, उन्हाळ्यातली सरबतं. पंखा सुरू. ताईला श्वास रोखता येत नाही. खोली शांत झाली की रुमालामागून तिच्या श्वासाची फरफर ऐकू येई. पहिल्या दोन वेळा ती बसून राहिली. तिसऱ्या वेळी निवेदिका दिसताच ती आपणहून उठून स्वयंपाकघरात गेली आणि मधलं दार लोटून घेतलं. दाजींना ती का उठली ते समजलं. ते तिला परत घेऊन आले.

"तू इथंच बसायचं," ते म्हणाले. "आला तर येऊ दे श्वासाचा आवाज. तुझाच आहे."

नऊनंतर एका बाईने ज्वारीच्या पिठाची धिरडी करून दाखवली. त्यानंतर कौटुंबिक सल्ल्याचा कार्यक्रम. प्रेक्षकांची पत्रं वाचून दाखवायची आणि एका समुपदेशक बाईंनी उत्तरं द्यायची. एका सुनेने लिहिलं होतं, सासू तिच्याशी आठ महिने बोललेली नाही. संवाद ठेवा, असं उत्तर मिळालं. मग शाळेच्या मुलींचं लेझीम. बारा वाजता तीन जोडप्यांची प्रश्नोत्तरं. नवऱ्याने बायकोची आवड ओळखायची, बायकोने पाटीवर आधीच लिहून ठेवलेली. पहिला प्रश्न आवडत्या भाजीचा होता. दाजी बसल्याजागी म्हणाले, कारलं. ताईने मान हलवली आणि आपल्या पाटीवर लिहिलं, 'गवार'.

"मग पस्तीस वर्षं कारलं कशाला खातेस?"

'तुम्ही आणता.'

दाजी हसले. मीही हसले. ताईचं हसणं आता दिसतं, ऐकू येत नाही. दिवसातला तो बरा प्रसंग म्हणायचा.

दुपारपर्यंत मंडळातली एकही बाई आली नव्हती. सकाळी एकीने निरोप पाठवला, देवळाली कॅम्पला बहिणीकडे जावं लागतंय. दुसरीच्या घरी नळदुरुस्ती होती. तिसरीचा मोबाइल लागत नव्हता. चौथीच्या मुलाने दारात येऊन सांगितलं की आईचं डोकं दुखतं, आणि ती घरीच बघेल. अकरा बायका आयुष्यात पहिल्यांदा टीव्हीवर दिसणार होत्या. त्यासाठी त्यांनी सारख्या मोरपंखी साड्या घेतल्या होत्या, दोन महिने तालीम केली होती, भाड्याच्या गाडीने मुंबईला जाऊन आल्या होत्या. आणि त्या दिवशी प्रत्येकीला दुसरं काम निघालं. मी चार निमित्तं एकामागून एक ऐकली आणि त्यांची बेरीज केली नाही. नोकरीत असते तर केली असती.

दाजी चिडले. "बाई आजारी पडली की माणसं कशी लांब जातात बघा. हिनेच उभं केलेलं मंडळ."

ताई पाटी मांडीवर पालथी घालून बसली होती.

तीन वाजता शाहिराचा पोवाडा झाला, साडेतीनला म्हातारपणातल्या गुडघ्यांवर डॉक्टरांचं बोलणं. तळाशी ओळ सरकली की पुढचे कार्यक्रम अर्धा तास उशिरा. दाजी उठले, गल्ली ओलांडून समोरच्या घरात गेले आणि समोरच्या वहिनींना घेऊनच आले.

समोरच्या वहिनी म्हणजे मंडळातला दुसरा आवाज. माहेर नामपूरकडचं. लग्न होऊन कॉलनीत आल्या तेव्हा त्यांना गाण्यातलं काही येत नव्हतं. ताईने त्यांना शेजारी बसवून शिकवलं. ताई जिथे वळण घेई तिथे त्या घेत, ताई जी ओळ दोनदा म्हणे ती त्याही दोनदाच म्हणत. ताई त्यांना गमतीने माझी झेरॉक्स म्हणायची. त्या दिवशी त्या आत येऊन दाराशीच बसल्या. वर या, इथे बसा, असं दाजींनी तीनदा सांगितलं. त्या म्हणाल्या, इथं वारा लागतो. पंखा तेव्हा बंद होता आणि दाराला आतून कडी होती.

चार वाजून बेचाळीस मिनिटांनी निवेदिकेने नाशिकच्या महिला भजनी मंडळाचं नाव घेतलं.

रंगवलेलं देऊळ, थर्माकोलचे खांब, समईत विजेचा दिवा. दोन ओळींत बसलेल्या दहा बायका आणि पुढे मध्यभागी ताई. चेहरा भरलेला, गळा मोकळा, कपाळावर मोठं कुंकू. पेटी वाजली. ताईने ओठ उघडले आणि अभंग सुरू झाला.

पहिल्या ओळीला मला काही वाटलं नाही. दुसऱ्या ओळीला मी पडद्याकडे नीट पाहू लागले. ताईच्या लग्नापर्यंत आम्ही दोघी एका खोलीत झोपत होतो, आणि ती पहाटे म्हणत असे ते मी पांघरुणातून ऐकत असे. ती ओळ मोडत नाही. कितीही लांब असो, ओळ संपवते आणि मग श्वास घेते. पडद्यावर तिने तेच केलं. ओळ संपली, ओठ मिटले, खांदे किंचित वर गेले. पण स्पीकरमधल्या आवाजाने श्वास ओळीच्या मध्येच घेतलेला होता, आणि ताईचे ओठ मिटलेले असताना तो पुढच्या शब्दावर गेलेला होता. क्षणभराचा फरक. ताईने लगेच तो गाठला. तिसऱ्या ओळीला पुन्हा तसंच झालं. पेपरच्या डेस्कवर छायाचित्र एकाचं आणि खालची ओळ दुसऱ्याची लागली की ते आधी डोळ्याला खुपतं, कारण नंतर कळतं. तसं ते खुपलं. वळणं सगळी ताईची होती. आवाज तिचा नव्हता.

मी ताईकडे पाहिलं. ती टीव्हीकडे पाहत नव्हती, दाजींकडे पाहत होती. दाजींचे डोळे मिटलेले होते. त्यांचा हात मांडीवर तालाने पडत होता. दाराशी वहिनींनी पदराचा बोळा तोंडाशी धरला होता.

दोन अभंग दाखवले. तिसरा कापला होता. सगळं मिळून नऊ मिनिटं. पुढे आजी-आजोबा आणि नातवंडांच्या गप्पा सुरू झाल्या. दाजींनी दोन्ही फोन थांबवले, आपला कानाला लावून सुरुवातीचा भाग ऐकला, आणि ते बोलले तेव्हा त्यांचा आवाज अगदी खाली होता.

"आला. स्वच्छ आला." मग ताईकडे वळून म्हणाले, "बघ. गेला गेला म्हणत होतीस. आहे की."

ताईने हात पुढे करून त्यांचा गुडघा थोपटला. वहिनी उठून स्वयंपाकघरात गेल्या. पाणी हवं असेल म्हणून मी मागे गेले. त्या ओट्याला धरून उभ्या होत्या. शहरात वीस वर्षं राहून त्यांचं बोलणं बदललेलं आहे, पण तेव्हा त्या माहेरच्या बोलीत बोलल्या.

"तो आवाज मना शे." मला कळलं नाही असं वाटून त्यांनी पुन्हा सांगितलं. "माझा आहे तो, बाई. ताईंचा नाही."

त्यांनी जे सांगितलं ते असं. त्या स्टुडिओत आधी आवाज घेतात, नंतर चित्र. सकाळी सगळ्यांनी माइकपुढे म्हणायचं. दुपारी तेच ध्वनिमुद्रण लावून, सजवलेल्या देवळापुढे बसून, त्याबरोबर ओठ हलवायचे. ताईचा घसा त्याआधी तीन आठवडे बसलेला होता. तालीम जास्त झाली असं सगळ्यांना वाटलं. ज्येष्ठमध, हळदीचं पाणी चालू होतं. सकाळी ताईने पहिला अभंग दोनदा म्हटला. दोन्ही वेळा वरच्या सुराला आवाज फाटला. तिसऱ्या वेळी निघालाच नाही. स्टुडिओची वेळ ठरलेली, मागे दुसरं मंडळ बसलेलं. ध्वनिमुद्रकाने काचेपलीकडून विचारलं, दुसरं कुणी पुढे म्हणू शकेल का. ताईने वहिनींना पुढे ढकललं. वहिनी नको म्हणत होत्या. ताई म्हणाली, "तू म्हटलंस काय, मी म्हटलं काय, एकच."

दुपारी चित्रीकरणाला वहिनी पुढे बसायला गेल्या, तर निर्मात्याने थांबवलं. निवड चाचणी ताईने दिलेली होती आणि करारपत्रावर मुख्य गायिका म्हणून नाव ताईचं होतं. पडद्यावर त्याच बाई पुढे दिसल्या पाहिजेत, नाहीतर कागद बदलावे लागतील आणि मुद्रण आज होणार नाही. ताई पुढे बसली. वहिनी मागच्या रांगेत गेल्या. परतताना गाडीत, घोटीच्या अलीकडे चहाला थांबले तेव्हा, ताईनेच सगळ्यांना सांगितलं की हे कुणी घरी बोलायचं नाही. घसा सुटला की पुढच्या वर्षी आपण पुन्हा अर्ज करू आणि नीट म्हणू. हसण्यावारी गेलं. दोन महिन्यांनी गाठ निघाली, आणि त्यानंतर ते सांगायचं कसं हे अकरापैकी कुणालाच सुचलं नाही. दाजी पत्रं लिहू लागले तेव्हा तर नाहीच.

"दाजी दारात येऊन म्हणायचे, वहिनी, एकदा तो आवाज मिळाला की झालं," वहिनी म्हणाल्या. "मी काय बोलू? मला वाटायचं, लावूच नये तो कार्यक्रम. कॅसेट खराब निघावी. मी देवाला तसं म्हटलंय."

ताई दारात येऊन उभी होती. किती वेळ, ते माहीत नाही. तिच्या हातात पाटी होती आणि त्यावर आधीच लिहिलेलं होतं, 'त्यांना सांगू नकोस.' ते माझ्यासाठी होतं.

मी हळू आवाजात म्हटलं, की हे रोज ऐकतील ते. मुलीला पाठवतील, नातेवाइकांना पाठवतील. आयुष्यभर दुसरीचा आवाज तुझा म्हणून ऐकतील. चूक छापली गेली की दुसऱ्या दिवशी दुरुस्ती द्यायची, या सवयीने मी बोलत होते. ताईने बोटाने पाटी पुसली. मार्करची शाई हाताला लागली ती तिने पदराला पुसली नाही, तशीच ठेवली.

'ऐकू दे.'

मग ती थांबली आणि त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं, 'ओळखला नाही त्यांनी.'

वहिनींनी ते वाचलं. त्यांना कमी ऐकू येतं हो, वहिनी म्हणाल्या, टीव्हीचा स्पीकर पण लहान, वळणं सगळी तुमचीच. ताई मान हलवत राहिली, हो, हो, हो. बाहेर दाजी फोनवर मुलीशी बोलत होते. मंगळागौरीला म्हणायची तसाच लागलाय, असं तिला सांगत होते.

मी त्या रात्री परतले. दुसऱ्या दिवसापासून मला एकच गोष्ट सुचत होती. वहिनींनी सांगितलं होतं की ताईने पहिला अभंग दोनदा म्हटला. फाटलेला, बसलेला, पण तो तिचा होता. दोन वेळा माइकपुढे म्हटलं म्हणजे दोन मुद्रणं. ती कुठेतरी असतील तर दाजींना काही न सांगता, आणखी एक तुकडा मिळाला म्हणून आणून देता येईल. जुन्या ओळखी काढून मी वाहिनीतल्या एका माणसापर्यंत पोहोचले. माणूस सौजन्याने बोलला. कार्यक्रमाची तारीख, मंडळाचं नाव लिहून घेतलं. चार दिवसांनी स्वतःहून फोन केला. मंजूर झालेलं मुद्रण जपून आहे, म्हणाला. नापास झालेले तुकडे ठेवत नाहीत. त्याच संध्याकाळी पुसतात, जागा लागते. कशासाठी हवं होतं, असं त्याने विचारलं. मी सांगितलं, घरगुती कारणासाठी. ते तुकडे कामाचे नसतात हो, तो म्हणाला, आवाज बिघडलेला असतो.

त्या आठवड्यात दाजींनी वहिनींना मंडळ पुन्हा सुरू करा म्हणून सांगितलं. ताईने सुचवलं असावं असं मला वाटलं होतं, पण तसं नव्हतं. त्यांचं स्वतःचंच मत. तिने उभं केलेलं बंद पडू नये, आता तुम्ही पुढे म्हणा, असं ते म्हणाले. वहिनींनी घसा बसलाय म्हणून सांगितलं. दाजी घाबरले आणि डॉक्टरांचा पत्ता लिहून घेऊन गेले. घशाचं अंगावर काढू नका, आमच्याकडे बघा, म्हणाले. वहिनींना तपासणीला जावं लागलं. काही निघालं नाही. तरी त्या गात नाहीत. ओट्यावर, धुणं धुताना त्या गुणगुणायच्या, तेही बंद आहे. दाजींनी एकदा उघड्यावर एक ओळ ऐकली तरी पुरे, आवाज ओळखतील, असं त्या मला म्हणाल्या. मंदिर गुरुवारी उघडं असतं. बायका येतात, नमस्कार करतात, दिवाबत्ती होते. पेटी कपाटात आहे.

मी पुन्हा गेले तो गुरुवारच होता. ताईला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं की त्या दोन मुद्रणांची मी चौकशी केली होती आणि तिथे काही नाही. तिने पाटी मागितली नाही. मान हलवली. तिला ते ठाऊक असावं, किंवा तिने तेवढी आशाच ठेवली नसावी. विचारण्यात अर्थ नव्हता.

साडेपाचला बाहेरच्या खोलीत दाजींनी मुद्रण लावलं. ते आता दिवसातून दोनदा लावतात, सकाळी चहाला आणि या वेळेला. मुलीने एक गोल स्पीकर पाठवला आहे. आवाज मोठा ठेवावा लागतो, त्यामुळे तो गल्लीत सगळ्या घरांपर्यंत जातो. समोर वहिनी दोरीवरचे कपडे काढत होत्या. पेटी वाजली तशा त्या निम्मे कपडे तिथेच ठेवून आत गेल्या. त्यांचं दार लागलं.

ताई ओट्याशी उभी होती. पातेल्यात चहाचं पाणी होतं, गॅस अजून लावलेला नव्हता. पहिला अभंग संपला, दुसरा सुरू झाला. ओळीच्या मध्ये श्वास घेतला गेला की तिची मान जरा हलायची. मला आता प्रत्येक जागा माहीत झाली होती, तिलाही. दोन्ही संपेपर्यंत ती तिथून हलली नाही.

"ऐकलंस ना?" दाजींनी बाहेरून विचारलं.

ताईने चमचा उचलला आणि पातेल्याच्या काठावर दोनदा जोरात वाजवला. बाहेरच्या खोलीतल्या माणसाला हो सांगायचं असलं की ती तसं करते.